बेगमी आणि साठेबाजी

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत पावसाळ्यापूर्वीच्या तयारीचा विषय निघाला आणि पुढचा दीड तास इंधनावर वाद झाला. सिंहगड रोडला नदीच्या अंगाला राहणाऱ्यांना पावसाळ्याची धास्ती नवी नाही, पण इतका तापलेला वाद मी पहिल्यांदाच पाहिला. एका बाजूचं म्हणणं असं, की प्रत्येक घराने पेट्रोलचे दोन कॅन भरून ठेवावेत, ओळखीने गॅसची जादा टाकी मिळवावी, वेळ आली की कोणी कोणाचं नसतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की ही सरळसरळ साठेबाजी आहे, गुन्हा आहे, आणि पुण्यासारख्या शहरात जागोजागी पंप असताना घरात इंधन ठेवण्याचं कारणच काय? दोघांनीही एकमेकांना मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवले. एकाने जळालेलं पार्किंग दाखवलं, दुसऱ्याने पंपावरची रांग. सभा उठली तेव्हा आमच्या जनरेटरच्या टाकीत त्या घटकेला किती डिझेल आहे, हे एकालाही सांगता आलं नव्हतं. मी कमिटीवर आहे आणि मलाही ते माहीत नव्हतं.

माझं मत आधीच सांगतो. इंधनाची बेगमी करणं हे प्रत्येक घराचं आणि प्रत्येक सोसायटीचं कर्तव्य आहे. पण ती बाल्कनीतल्या कॅनमध्ये किंवा जिन्याखालच्या ड्रममध्ये करायची नाही. गाडीची टाकी, दुसरा सिलिंडर, जनरेटरची टाकी अशा, इंधनासाठीच बनवलेल्या भांड्यांत ती करायची, आणि कसलीही टंचाई नसलेल्या दिवसांत करायची. एका घराला झेपेल त्यापलीकडचा साठा शहराने ठेवायचा असतो आणि तो आहे का, हे नागरिकांनी विचारायचं असतं. आमच्या सभेत पहिल्या बाजूला आगीचा विसर पडला होता आणि दुसऱ्या बाजूला पुराचा.

बेगमी आणि साठेबाजी हे दोन शब्द आपण हल्ली एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत, आणि वादातला अर्धा घोळ तिथेच आहे. मे महिन्यात घरोघर गहू भरले जायचे, पापड-कुरडया व्हायच्या, वखारीतून लाकडं आणि कोळसा यायचा, रॉकेलचा डबा भरून कोनाड्यात जायचा. त्याला कोणी साठेबाजी म्हणत नव्हतं. बाजारात माल मुबलक असताना, आपल्या घराला लागेल तेवढाच, वापरण्यासाठी घेतला तर ती बेगमी. माल आटत असताना, गरजेपेक्षा जास्त, इतरांच्या आधी उचलला तर ती साठेबाजी. वस्तू तीच असते, पैसे देऊनच घेतलेली असते. घेण्याची वेळ, प्रमाण आणि हेतू या तीन गोष्टींनी सगळा फरक पडतो. गुरुवारी पाणी बंद राहणार असल्याचं महापालिकेने कळवलं की बुधवारी संध्याकाळी पुण्यातल्या घरोघरी पिंप, बादल्या, कळशा भरून ठेवतात. त्यात कोणाला अपराध वाटत नाही. मग स्कूटरच्या टाकीबद्दलच आपण ती रिझर्व्हला लागेपर्यंत का थांबतो?

शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, यासाठी ते नेहमी सांगितलं जातं. त्या पत्रातला मुद्दा मुळात बेगमीचा आहे, हे आपण विसरतो. पावसाळाभर पुरवायचा दाणा आणि गवत आत्ताच मन मानेल तसं उधळलंत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिरून त्याचं धान्य, गवत, लाकूडफाटा ओढून आणाल, असं त्यात बजावलं आहे. त्याच पत्रात आगीबद्दलची ताकीद आहे. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी तंबाखूला विस्तव नेईल, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, आणि गवताच्या साठ्याला आग लागून सगळी पागा बुडेल. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात साठा हवाच आणि तो जिवापाड जपायला हवा, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. आमच्या सभेत त्याच दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या गेल्या. आणि जो बेगमी करत नाही तो संकटात दुसऱ्याच्या वाट्यावर जातो, ही त्या पत्रातली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याची टाकी नेहमी रिकामी असते, तो पुराच्या दिवशी रुग्णवाहिकेच्या पुढे रांगेत उभा असतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, तो आगीचा. तो मला पूर्ण मान्य आहे. पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे पुण्याच्या कुठल्याही ऋतूत, कुठल्याही खोलीत, सैल झाकणाच्या कॅनमधून पेटणारी वाफ निघतच असते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते आणि देवघरातल्या समईपर्यंत किंवा फ्रिजच्या मागच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, हे पहिल्या बाजूने सभेत जोरात सांगितलं. ते खरं आहे. पण त्याच कलमात भांड्यांचीही अट आहे. घट्ट बुचाची काचेची किंवा चिनी मातीची बरणी असेल तर ती एक लिटरपर्यंतचीच, आणि धातूचं भांडं असेल तर ते २५ लिटरपर्यंतचं. पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन त्यात कुठेच बसत नाही. शिवाय कायद्याने मुभा दिलेली प्रत्येक गोष्ट चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात करावी, असा त्याचा अर्थ होत नाही. जिना एकच असलेल्या इमारतीत एका घराने घेतलेला धोका चाळीस घरं भोगतात.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सभेत कोणी काढलीच नाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पुरेसं पाणी मिसळलं की पाणी आणि इथेनॉल तळाशी बसतं, पेट्रोल वर राहतं आणि असं मिश्रण इंजिनात गेलं की गाडी बंद पडते. जून महिन्यात भरून ठेवलेला कॅन ऑगस्टच्या दमट हवेत ऐन वेळी दगा देऊ शकतो. याउलट रोज वापरातल्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल सतत बदलत राहतं. टाकी अर्धी झाली की भरायची, एवढी एकच सवय लावली तरी साठाही राहतो आणि तो ताजाही राहतो. साधारण पाच लिटरच्या टाकीची स्कूटर अर्ध्या टाकीवर शंभर किलोमीटर सहज जाते. दवाखाना, औषधं, आईवडिलांना सुरक्षित जागी नेणं, यासाठी शहरात एवढं पुष्कळ आहे. मग कॅन हवा कशाला?

दुसरा आक्षेप असा, की लोकांना ‘टाक्या भरून ठेवा’ म्हणून सांगणं म्हणजेच टंचाई ओढवून घेणं. त्यासाठी जानेवारी २०२४चा दाखला दिला जातो. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांसाठीच्या नव्या कायद्यातल्या कठोर शिक्षेविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला, आणि १ व २ जानेवारीला पुण्यासह राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. अनेक पंप ड्राय झाले. २ तारखेच्या रात्री केंद्रीय गृह मंत्रालयाशी बोलणी होऊन संप मागे घेतला गेला. टंचाई दोन दिवसांची होती आणि तिच्यात संपाइतकाच वाटा लोकांच्या धास्तीचा होता. हे सगळं खरं आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा आहे. साधा हिशेब करू. एका पंपाची हजार दुचाकी गिऱ्हाइकं आहेत आणि प्रत्येकाच्या टाकीत सरासरी एक लिटर पेट्रोल आहे, असं धरा. अफवा उठली की सगळे पाच लिटरची टाकी फुल्ल करायला धावतात आणि पंपाला एका दिवसात चार हजार लिटर द्यावे लागतात. हीच हजार माणसं एरवी टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नसती, तर टाकीत सरासरी तीन-साडेतीन लिटर असते आणि तीच धावपळ दीड-दोन हजार लिटरमध्ये आटोपली असती. शिवाय अर्धी टाकी भरलेला माणूस रात्री अकराला रांगेत उभा राहण्याची शक्यताही कमीच. म्हणजे धावपळीवरचा उतारा शांत दिवसांतली सवय हाच आहे. जपानमध्ये ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर इंधनासाठी लांबच लांब रांगा लागल्या, तेव्हा तिथेही हाच धडा घेतला गेला. टाकी अर्धी झाली की भरा, असं तिथे आता लोकांना सांगितलं जातं.

‘यंत्रणेवर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांशी माझा झगडा विश्वासाबद्दल नाही. यंत्रणा कशी चालते हे बघायला हवं, एवढंच म्हणणं आहे. पुण्याला इंधन मुख्यतः लोणी काळभोरच्या डेपोंतून येतं आणि तिथे ते मुंबईहून पाइपलाइनने पोहोचतं. तिथून पंपापर्यंतचा प्रवास टँकरने, रस्त्यावरून होतो. देशाने विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखालच्या गुहांमध्ये ५३ लाख टनांहून अधिक कच्च्या तेलाची साठवण करण्याची सोय केली आहे. पूर्ण क्षमतेने भरल्यास तो साठा देशाला सुमारे साडेनऊ दिवस पुरेल. ही फार मोलाची गोष्ट आहे. युद्धामुळे आखातातली वाट अडली तर तिचं मोल कळेल. पण पादूरच्या गुहेतलं कच्चं तेल म्हणजे कर्वे रोडच्या पंपावरचं पेट्रोल नव्हे. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन तो अनेक दिवस बंद राहिला, हजारो ट्रक जागच्या जागी अडकले. तेव्हा देशात तेलाचा तुटवडा नव्हता. कोल्हापुरात मात्र पेट्रोलसाठी वणवण झाली. शहरांना टंचाई बहुतेक वेळा अशीच येते. माल असतो, पण वाट नसते. आणि वाट असूनही वीज नसेल, तर जनरेटर नसलेल्या पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल वर कसं येणार?

विजेचा मुद्दा मला जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण तो आमच्या दारात घडला. २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकहून अधिक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. लोकांना बाहेर काढायला लष्कराला यावं लागलं. त्याच पहाटे डेक्कनच्या पुलाची वाडी भागात विजेच्या धक्क्याने तीन जण गेले. पाणी चढलं की वीज तोडावीच लागते, नाही तर माणसं मरतात. म्हणजे पुराच्या वेळी अंधार हा यंत्रणेचा ढिसाळपणा नसतो, सुरक्षेसाठी तो करावाच लागतो. तो येणार हे धरूनच तयारी करायला हवी. त्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत डिझेलची टाकी काठोकाठ भरलेली होती. जनरेटर तळघरात होता. तळघर भरलं आणि सातव्या मजल्यावर प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या आजोबांना चौघांनी खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं. २०११मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीत नेमकं असंच घडलं होतं. आणीबाणीसाठीचे बहुतेक जनरेटर इमारतीच्या तळघरांत होते, त्सुनामीचं पाणी आत शिरलं आणि जगातल्या अतिप्रगत देशातली अणुभट्टी थंड ठेवायला वीज उरली नाही. इंधन किती आहे, याइतकंच ते आणि त्यावर चालणारं यंत्र किती उंचीवर आहे, हेही विचारायला हवं. आमच्या सभेत हा प्रश्न आलाच नाही.

सोसायटीच्या डिझेलला कायद्याची अडचणही फारशी नाही. डिझेल हे पेट्रोलपेक्षा कमी ज्वालाग्राही वर्गात मोडतं आणि एका भांड्यात हजार लिटरहून अधिक नसेल, तर एका जागी अडीच हजार लिटरपर्यंतच्या साठ्याला पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. आपल्याला तेवढं लागतही नाही. एक लिटर डिझेलमधून साधारण तीन ते साडेतीन युनिट वीज निघते. एक लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे, तेही दिवसातून ठरावीक तासच चालवायचे ठरवले, तर शंभर-दीडशे लिटरमध्ये दोन-तीन दिवस निभावतात. यात ‘ठरावीक तासच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वीज गेल्याबरोबर क्लब हाउसच्या एसीसकट सगळं जनरेटरवर टाकणाऱ्या सोसायटीला हजार लिटरही पुरणार नाहीत. घरपोच डिझेल देण्याची सेवा इंडियन ऑइलने मार्च २०१८मध्ये सुरू केली ती पुण्यातच. तेव्हा कॅन घेऊन पंपावर जाण्याचंही कारण नाही. फक्त ते जून उजाडण्याआधी मागवायचं. रस्त्यावर कमरेएवढं पाणी असताना तो ट्रक येणार नाही.

स्वयंपाकघराचं काय? १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. वीज गेली, नळ कोरडे पडले. पण त्या काळातलं स्वयंपाकघर कुठल्याही एका वाटेवर अवलंबून नव्हतं. कोळशाची शेगडी होती, रॉकेलचा स्टोव्ह होता, लाकडावर पेटणारा बंब होता, आणि वाड्यात विहीर होती. धुराने बायकांच्या फुप्फुसांची माती केली, तेव्हा त्या चुलींकडे परत जायची माझी मुळीच इच्छा नाही. गॅस घरोघरी आला हे फार चांगलं झालं. पण आज कितीतरी घरांत पाइपचा गॅस आल्यावर सिलिंडर परत गेला, रॉकेल बाजारातून गेलं, आणि पर्याय म्हणून इंडक्शनची शेगडी उरली. ती १८०० वॉट घेते. घरच्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअरच्या बॅटरीत सगळी मिळून १.८ युनिट वीज मावते. म्हणजे कागदावर एक तास, आणि घरगुती इन्व्हर्टरला प्रत्यक्षात तो भारच झेपत नाही. ज्या घरात सिलिंडर आहे, तिथे उत्तर सोपं आहे. दुसरी टाकी असेल तर पहिली संपल्याबरोबर, त्याच दिवशी, नंबर लावायचा. १४.२ किलोच्या टाकीवर चौघांचं घर महिनाभर तरी जातं. पाइपवाल्यांनी निदान सुका खाऊ, सातूचं पीठ, पोहे, दूध पावडर असं न शिजवता चालणारं तीन दिवसांचं घरात ठेवावं. तीही इंधनाची बेगमीच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. अर्धी टाकी, दुसरा सिलिंडर, हे सगळं ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याच्यासाठी. आमच्या इमारतीत पार्सल घेऊन येणारा मुलगा रोज शंभर रुपयांचं पेट्रोल टाकतो, कारण त्या दिवशी हातात तेवढेच असतात. धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडे एकच टाकी आहे आणि ती संपली की शेजारणीकडे चार दिवस उसनवारी चालते. त्यांना बेगमीचा उपदेश करणं निष्ठुरपणाचं आहे. आणि पुराचं पाणी सगळ्यांत आधी त्यांच्याच घरात शिरतं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याच्या काठावर आपण ते पाहिलं. पण म्हणून ज्यांना परवडतं त्यांनी काहीच करू नये, हे उत्तर कसं होईल? ज्याला शक्य आहे त्याने शांत दिवसांत आपलं भरून घेतलं, तर संकटात पंपावर उरलेलं पेट्रोल आणि एजन्सीतले उरलेले सिलिंडर या लोकांच्या वाट्याला येतात. उरलेलं काम महापालिकेचं आणि जिल्हा प्रशासनाचं आहे. प्रत्येक प्रभागात पूर न पोहोचणारा, जनरेटर असलेला निदान एक पंप ठरवून द्यावा, त्यातला काही साठा रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पाणी उपसणाऱ्या मोटरींसाठी राखून ठेवावा, निवाऱ्याच्या शाळांमध्ये सामुदायिक स्वयंपाकासाठी भरलेले सिलिंडर पावसाळाभर असावेत, आणि ही यादी नालेसफाईच्या आकड्यांसारखीच मे महिन्यात जाहीर व्हावी. नगरसेवकाला आपण रस्ते, पाणी, कचरा विचारतो. आपल्या प्रभागातला असा पंप कोणता, हा प्रश्न मी तरी आजवर कधी विचारला नव्हता. या आठवड्यात लेखी विचारला आहे.

येत्या रविवारी आमची सभा पुन्हा आहे. कॅनची सूचना मतदानाला येईल आणि मी तिच्या विरोधात बोलणार आहे. जनरेटर तळमजल्यावरून पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या मजल्यावर, चढवण्याच्या खर्चाची सूचनाही येईल. घरटी रक्कम ऐकून बरेच जण नाराज होतील, तरी मी तिच्या बाजूने बोलणार आहे. त्याआधी शनिवारी सकाळी वॉचमन काकांना बरोबर घेऊन टाकीत पट्टी घालून डिझेल मोजायचं आहे. निघेल तो आकडा तारखेसकट लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहिला जाईल, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी तो कोणी बदलायचा, त्यांची नावंही त्याखाली असतील. पहिल्या महिन्यासाठी मी माझं नाव दिलं आहे.